तीर्थ सोडून सगळं पाणी

चैत्र वद्य ५, शके १८५७

सकाळी देवळात जाऊन तीर्थ घेऊन आले. मग दवाखान्यात गेले.

दवाखाना म्हणजे चावडीशेजारच्या दोन खोल्या. मुखेडहून पाच कोस आत, अशा गावात सरकारने डॉक्टर धाडला याचंच लोकांना नवल. डॉक्टरांचं नाव यावर अली, हैदराबादचे, वय पंचवीसच्या आतबाहेर. मराठी बोलतात, पण वाक्याच्या मध्येच त्यांना उर्दू गाठते. त्यांनी मला बोलावलं कारण गावात वाचता येणारी बाई मी एकटी.

म्हणाले, "काकी, तुम्ही घर-घर जायचं. पानी कसं छानायचं, गाळायचं, ते बायांना दाखवायचं. आणि रोज काय केलं ते लिहून ठेवायचं."

म्हणून ही वही. ह्यांची आहे. पुढच्या अर्ध्या पानांवर ह्यांनी शाळेतल्या पोरांची हजेरी मांडलेली आहे, म्हणून मी मागच्या पानापासून सुरुवात केली. ह्यांच्या अक्षराला धक्का नको.

मला कुणी शिकवलं नाही. हे सकाळी चुलीसमोर पाट टाकून पेपर मोठ्यानं वाचत आणि मी पलीकडून भाकरी थापत बघे. त्यामुळे अक्षरं मला आधी उलटी आली, सुलटी नंतर. अजूनही माझ्या हातातल्या पुस्तकापेक्षा समोरच्याच्या हातातलं मला लवकर वाचता येतं.

चैत्र वद्य ६

यंदा गावात बेचाळीस जणांना नारू आहे. डॉक्टरांनी दारोदार फिरून मोजले.

नारू काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण वही पुढे कोण वाचेल माहीत नाही. सुतासारखा किडा. पायाला फोड येतो, फुटतो, तोंड बाहेर काढतो. मग त्याला काडीवर गुंडाळायचं, रोज बोटभर, दोन बोटं, महिना महिना. घाई केली आणि तुटला, तर आत राहिलेला पाय सडवतो.

ह्यांचा तुटला. शाळा उघडायची घाई होती म्हणून न्हाव्याकडून ओढवून घेतला. नवव्या दिवशी गेले. सहा वर्षं झाली. एवढंच लिहिते.

चैत्र वद्य ९

देवळातून येताना पायऱ्यांच्या बारवेचं पाणी तांब्यात घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मागवलं होतं. त्यांनी ते काचेच्या पेल्यात ओतलं, उन्हात धरलं आणि हातात भिंग दिलं.

पाण्यात बारीक बारीक काहीतरी उड्या मारत होतं. मोहरीच्या दाण्याच्या पावपट असेल.

डॉक्टर म्हणाले, "नारूवाला माणूस पाय घेऊन बारवेत उतरतो. किड्याची पिल्लं पानीमध्ये सुटतात. हे उड्या मारणारे त्यांना खातात. तुम्ही यांना पिता. बारा महिन्यांनी तुमच्या पायातून निघतो. आज प्यालेलं पुढच्या साली. समझे?"

मी म्हटलं, "म्हणजे हे जीव आम्ही गिळतो?"

"काकी, गुस्सा नको. पण तुमची ब्राह्मणगल्ली रोज सुबह-शाम गोश्त पिऊन राहिली."

घरी येऊन दोन वेळा चुळा भरल्या. नंतर लक्षात आलं की चूळही त्याच पाण्याची.

चैत्र वद्य ११

ब्राह्मणगल्ली एका दिवसात झाली. मी प्रत्येक घरी एकच वाक्य बोलले: "न गाळता प्यालात तर मांसाहार." दुपारपर्यंत दुहेरी धोतराची घडी प्रत्येक हंड्याच्या तोंडाला बांधलेली.

हेच वाक्य घेऊन पाटलाच्या वाड्याकडे गेले. हणमंतराव पाटलांची बायको साखराबाई दारात भुईमूग फोडत बसलेली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, आमी तर खातोच की. त्यात फुकटचं मिळालं तर लई बरं."

मी हातातलं फडकं पिशवीत परत घालू लागले. मग तीच म्हणाली, "हसून राहिले हो मी. माज्या सासऱ्याचा गुडघा आठवतो मला. द्या ते फडकं हिकडं."

चांगली बाई आहे. तोंड तेवढं सांभाळावं लागतं. माझं.

वैशाख शुद्ध ३

आज मोठं काम झालं. स्वतःची पाठ स्वतः थोपटता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

महादेवाचे पुजारी रेणुकादास गुरुजी परवापासून बिथरले होते. देऊळ बारवेच्या काठावरच. ते रोज बारवेत बुडी मारून ओलेत्यानं कळशी भरतात, त्याच पाण्याचा अभिषेक, त्याचंच तीर्थ. लोकांना सांगत होते की बारवेच्या पाण्याला नावं ठेवणं म्हणजे महादेवाच्या जटेला नावं ठेवणं. गाळायचं निम्मं गाव थांबलं.

मी तीर्थ घ्यायला गेले तेव्हा विषय काढला. गुरुजी म्हणाले, "वहिनी, माणसांनी काय ते गाळावं. देवाच्या पाण्याला यवनाच्या दवाखान्यातलं फडकं लागलेलं चालणार नाही."

मी म्हटलं, "देवाच्या पाण्याबद्दल कोण बोलतंय? ते तुमचं तुम्ही भरा. तुम्ही फक्त आरतीनंतर लोकांना सांगा, घरचं पाणी गाळून प्या."

गुरुजींनी विचार केला. "देवाच्या कळशीला हात लागणार नाही?"

"नाही."

"मग सांगतो."

आणि सांगितलं! घंटा वाजवून सांगितलं. संध्याकाळी डॉक्टरांना कळवलं तर ते खुर्चीवरून उठून उभेच राहिले. म्हणाले, "काकी, आपण वकील व्हायचे. सगळं पानी छानणार? सगळं?"

मी म्हटलं, "सगळं."

ज्येष्ठ शुद्ध १०

घरोघर फिरून पाहिलं. एकशे अकरा घरांपैकी एकशे आठ गाळतात. उरलेल्या तिघांत भुजंग. तो पाणी पीतच नाही म्हणतो, शिंदी पितो. त्याची बायको गुणाबाई म्हणाली, "हाव, अन् आंघोळ बी न्हाई करत. नारूला त्याच्यात शिरायला वाट कुठं हाय?"

आज ह्यांचा श्राद्धदिवस. ब्राह्मण जेवायला घातला. देवळात ह्यांच्या नावानं एक पळी जास्तीची घेतली.

मार्गशीर्ष वद्य २

सहा महिन्यांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं झालं नाही. देऊळ, दवाखाना, घरं, भाकरी. डॉक्टर म्हणतात आता फक्त उन्हाळ्याची वाट पाहायची. उन्हाळ्यात औरंगाबादचे मोठे साहेब येणार. गेल्या उन्हाळ्यातले बेचाळीस जवळजवळ नाहीसे झाले तर बारवेच्या पायऱ्या बंद करून वर रहाट बसवायचा हुकूम देणार. नाहीतर दवाखाना उचलून धर्माबादला.

डॉक्टर धर्माबादचं नाव असं घेतात, जणू काळ्या पाण्याची शिक्षा. पण मला त्यांची काळजी नाही, ते कुठंही गेले तरी डॉक्टरच. दवाखाना गेला की पुन्हा न्हावी येईल.

चैत्र शुद्ध १, शके १८५८

गुढी उभारली. तीर्थ घेतलं. सकाळीच वर्दी आली की रेणुकादास गुरुजींच्या घोट्याला फोड आलाय.

चैत्र वद्य ४

अकरा.

बेचाळीसचे अकरा झाले, हे चांगलंच म्हणायचं. डॉक्टर मात्र डोकं धरून बसलेत. म्हणतात, गाळलं असेल तर एकही नको, आणि गाळलं नसेल तर अकराच का? हे अकरा चोरून कुठं पितात?

मी अकरांची यादी वाचली. गुरुजी. हणमंतराव पाटील, गेल्या साली नवस फिटला म्हणून रोज देवळात जातात ते. सोमवार करणाऱ्या चार बायका. एकादशीच्या तीन. कीर्तनातला टाळकरी. आणि कमलम्मा, जी दिवसातून दोनदा प्रदक्षिणा घालते.

गावातली सगळ्यात सज्जन अकरा माणसं. ही कशी खोटं बोलतील?

भुजंग पारावर बसून पाय पसरून दाखवतोय. "बगा, बगा! ना गाळलं, ना देवाला गेलो. पाय बगा कसा, नवरदेवाचा!"

वैशाख शुद्ध ६

गुरुजींनी खाटेवर पडल्या पडल्या अर्थ लावला. नारू म्हणजे भक्तीची खूण. महादेवाच्या गळ्यातला नाग सूक्ष्म होऊन भक्ताच्या पायी येतो.

याचा परिणाम असा झाला की ज्यांना नारू नाही ती माणसं खाली मान घालून फिरू लागली. साखराबाईला शेजारणीनं विचारलं, "पाटलीणबाई, तुमच्या धन्याला झाला, तुमाला कसा न्हाई?" तर ती म्हणाली, "त्यांच्या पुण्यात माजं अर्धं हाय म्हनं. अर्धा नारू मागून घेते."

पण तीर्थाला गर्दी दुप्पट झाली. गुणाबाईनं तर भुजंगाला कमरेला धरून देवळात आणला. जन्मात पहिल्यांदा. गुरुजींच्या पुतण्यानं तीर्थ दिलं तेव्हा त्यानं ओंजळच पुढं केली आणि म्हणाला, "भरा की! एवढ्यानं काय हुतंय?"

वैशाख शुद्ध ८

माझ्या उजव्या पायाला, घोट्याच्या वर, जळजळ होतेय. उन्हानं असेल.

वैशाख शुद्ध ११

उन्हानं नाही.

कुणाला सांगितलं नाही. लुगड्याचा काठ खाली सोडून चालते. ज्या बाईनं एकशे आठ घरं गाळायला लावली तिच्याच पायातून निघाला, हे गावाला कळलं तर उद्या सगळी फडकी चुलीत. मी थेंबसुद्धा न गाळता प्यालेली नाही. देवाशपथ नाही.

वैशाख शुद्ध १३

साखराबाईनं ओळखलं. मी दारात चप्पल काढत होते तेव्हा तिनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि कुणी ऐकणार नाही असं बघून म्हणाली, "काकू. किती दिस झाले?"

मी रडले नाही, पण बसले.

ती म्हणाली, "तुमी गाळता, मी गाळते. तुमच्या घरी मी बी पिते. येकाच बारवेचं, येकाच फडक्याचं. तुमाला हाय, मला न्हाई. तुमी माज्यापेक्षा येगळं काय करून राहिला ते सांगा."

"काही नाही. तुझ्यापेक्षा वेगळं मी काय करते?"

"तुमचं सगळं वहीत हाय ना? मग ते वाचा की. मला काय इचारता!"

वैशाख शुद्ध १३, दुपार

वही वाचली. पहिल्या पानापासून.

पहिल्याच ओळीला थांबले. सकाळी देवळात जाऊन तीर्थ घेऊन आले.

पुढं वाचलं. देऊळ. तीर्थ. देवळातून येताना. ह्यांच्या नावानं एक पळी जास्तीची.

हे गेल्यापासून मी रोज तीन पळ्या तीर्थ घेते, ह्यांच्या नावानं. त्याआधी हे स्वतः घ्यायचे. साखराबाई देवळात जाते वर्षातून एकदा, शिवरात्रीला, आणि तेही जत्रेतल्या बांगड्यांसाठी.

सगळं पानी? सगळं. मीच म्हणाले होते. आणि खोटं बोलले नव्हते. तीर्थ हे पाणी आहे असं माझ्या मनात आलंच नाही. आजवर या गावात कुणाच्याच आलं नसेल.

आणि देवाच्या कळशीला हात लागणार नाही हा करारही माझाच. त्या दिवशी पाठ थोपटून घेतली होती. तेही इथंच लिहिलंय.

वैशाख शुद्ध १४

डॉक्टरांना सगळं सांगितलं. पायही दाखवला. मला वाटलं चिडतील. ते इतके हसले की कंपाउंडर धावत आला.

"काकी! मी अकरा घरांचे हंडे, घागरी, रांजण, गाईचा हौद, सगळं पाहिलं. मंदिर? मला मंदिरात कोण सोडणार!"

मग गंभीर झाले. "पुजारी छानेल का?"

मी म्हटलं, "दवाखान्यातल्या कापडानं नाही. सुती कापडानंच नाही. विणकर, शिंपी, दुकानदार, किती हात लागलेले."

"मग?"

"बघते."

वैशाख पौर्णिमा

गुरुजींकडे गेले. खाटेवर पाय वर करून पडले होते, काडीला दोरा बांधलेला. कंटाळून काडीला हिसके देत होते. मी आधी तो हात धरला.

"गुरुजी, ओढू नका. आमच्या घरी काय झालं ते तुम्ही पाहिलंय. बारावा तुम्हीच केलात."

त्यांनी हात काढून घेतला, पण काडी सोडली.

मग मी तीर्थाचं सांगितलं. ते उठून बसायला गेले, कळ आली, पुन्हा पडले. "वहिनी, तीर्थात किडे? ही जीभ झडेल!"

मी पाय पुढे केला. "मी गाळलेल्या पाण्यावर राहते आणि तुमच्या तीर्थावर. दोन्हीपैकी कशातून आला असेल सांगा."

"ती भक्तीची खूण—"

"असेल. मग भुजंगाला पुढच्या वर्षी झाला तर त्यालाही भक्त म्हणणार का?"

हे त्यांना लागलं. उशाशी पोथ्यांचा ढीग होता, त्यातलं एक पान काढून माझ्यासमोर धरलं आणि बोट ठेवलं. "इथं स्पष्ट आहे. देवाच्या जलाला वस्त्राचा स्पर्श वर्ज्य. तुम्हाला वाचता येतं, पण हे संस्कृत—"

पान त्यांच्याकडे सुलटं होतं, माझ्याकडे उलटं.

"गुरुजी, हे मराठी आहे. आणि हे पाल अंगावर पडल्याचं फळ आहे. तुमचं बोट डाव्या खांद्यावर आहे. स्त्रीला पडली तर वस्त्रलाभ."

गुरुजींनी पान स्वतःकडे फिरवून पाहिलं. दाराआडून त्यांची बायको हसली ते दोघांनीही ऐकलं.

पान पुन्हा ढिगात घालत गुरुजी म्हणाले, "कापड कुठलं?"

"रेशीम. रेशमाला विटाळ नाही, हे तरी पोथीत आहे ना?"

"ते आहे. पण इतकं रेशीम आणणार कुठून? आणि जुनं चालेल, पण सुवासिनीचं पाहिजे. महादेवाचं पाणी आहे."

मी पिशवीतून काढून त्यांच्या खाटेवर ठेवला. माझा लग्नातला शालू. डाळिंबी. कित्येक वर्षं पेटीत होता, वाळ्याचा वास अजून होता.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण तुम्ही आता..."

"विधवा मी झाले, गुरुजी," मी म्हटलं. "शालू झाला नाही. मी सुवासिनी असताना घडी घातली, त्यानंतर आजच उलगडतेय."

त्यांची बायको दाराआडून बाहेर आली, शालू उचलून कपाळाला लावला आणि म्हणाली, "कात्री माझी सोवळ्यातली आहे. आणू?"

वैशाख वद्य १

जरीचा काठ उसवून बाजूला ठेवला. मधलं रेशीम कापलं. माझा हात पहिल्या कापाला थांबला, तेव्हा गुरुजींच्या बायकोनं न विचारता दुसरं टोक ताणून धरलं. ताणलं की कापायला सोपं जातं.

पहिल्यांदा कळशीवर दुहेरी घडी धरून पुतण्यानं पाणी ओतलं. गुरुजी दोघांच्या खांद्यावर हात टाकून आले होते. फडकं उलटं करून परातीत झटकलं, डॉक्टरांचं भिंग मी पदराआड नेलं होतं, ते गुरुजींच्या हातात दिलं.

बराच वेळ बघत होते. मग भिंग परत देत म्हणाले, "शिव शिव." आणखी थोड्या वेळानं, "आजवर किती खाल्ले असतील हो मी?"

ज्येष्ठ शुद्ध ५

मोठे साहेब आले. दवाखान्यात खुर्चीवर बसून कागद वाचले आणि डॉक्टरांना उर्दूत झाडू लागले. मला एवढं कळलं: अकरा का? आणि धर्माबाद.

मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण चूक माझी होती. मी पुढं झाले, रिकाम्या स्टुलावर उजवा पाय ठेवला, लुगडं चार बोटं वर केलं. काडी, दोरा, सगळं समोर.

"साहेब, अकरा नाही. बारा. बारावी मी."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

मग मी सांगितलं आणि डॉक्टरांनी उर्दू केलं. तीर्थापाशी आल्यावर डॉक्टरांची उर्दू लांबली. तीर्थ म्हणजे काय ते त्या भाषेत बरंच समजावून सांगावं लागतं म्हणे. शालूपाशी आल्यावर साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी एकच वाक्य बोलले. डॉक्टरांनी मला सांगितलं, "एक साल और. पुढच्या उन्हाळ्यात बघू. तोपर्यंत दवाखाना इथंच."

बाहेर साखराबाई उभी होती. म्हणाली, "काकू, परक्या बाप्यापुढं पाय उघडा टाकला म्हनं. लाज वाटली न्हाई?"

"वाटली की."

"मग बरंय. पण मला सांगायचं तरी, मी बी आले असते बगायला."

ज्येष्ठ वद्य ८

आज माझा नारू पुरता निघाला. सव्वा हात. शेवटचे दोन दिवस ओढायचा फार मोह झाला. ओढला नाही. एवढा धीर मला कुठून आला असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याच्या घाईतून.

वैशाख वद्य १०, शके १८५९

मोठे साहेब येऊन गेले. घर अन् घर पाहिलं. गावात नारू एक.

भुजंग.

पारावर पाय वर करून बसलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगतोय, "जन्मात येकदा देवळात गेलो! येकदा!" गुणाबाई म्हणते, "ओंजळ कुनी पुढं केली होती?" गुरुजी त्याच्या समोरून जाताना मान वळवतात. नाग, भक्ती वगैरे पुन्हा बोलले नाहीत.

साहेबांनी रहाटाचा हुकूम केला. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालायला गवंडी परवा येणार. रहाट झाला तरी देवाचं पाणी गाळूनच भरायचं, असं गुरुजींनी स्वतः आरतीनंतर सांगितलं. घंटा वाजवून.

आज सकाळी देवळात जाऊन तीर्थ घेऊन आले. तीन पळ्या. कठड्यावर डाळिंबी रेशीम वाळत घातलं होतं. रंग बराच उतरलाय. लग्नानंतर मी तो शालू एकदाच नेसले होते. हे म्हणाले होते, जपून ठेव, पुढं उपयोगी पडेल. मी पेटीत घालून जपला. आता रोज सकाळी भिजतो.